तालुक्याच्या गावातलं खासगी प्रसूतिगृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, एखादी जुनी दुमजली इमारत हमखास दिसते. खाली आता पतसंस्था किंवा मोबाईलचं दुकान असतं आणि वरच्या कठड्यावर सिमेंटची अर्धवट झिजलेली अक्षरं असतात: 'प्रसूतिगृह'. या घरांबद्दल लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विचारणाऱ्यांपैकी बरेचजण मुळात जन्माचा दाखला शोधत असतात, म्हणून नोंदींचा भाग लांबला आहे. औषधांचे आणि मात्रांचे उल्लेख त्या काळचं काम कळावं म्हणून केले आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत.

प्रसूतिगृह, नर्सिंग होम, दवाखाना: फरक काय?

कायद्याच्या भाषेत प्रसूतिगृह म्हणजे गरोदर, बाळंत होणाऱ्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना ठेवून घेण्याची जागा. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात ते शुश्रूषागृहातच, म्हणजे नर्सिंग होममध्येच, मोडतं. बोलण्यात मात्र 'दवाखाना' म्हणजे जिथून औषध घेऊन संध्याकाळी घरी जायचं ती जागा, आणि 'बाईंचं हॉस्पिटल' म्हणजे प्रसूतिगृह. चार ते दहा खाटा, एक टेबल, एक डॉक्टर, एक सिस्टर, दोन मावश्या आणि मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर डॉक्टरांचा संसार. हा संसार महत्त्वाचा. रात्री दोनला कडी वाजली की डॉक्टर जिना उतरून खाली आले पाहिजेत, या एकाच गोष्टीवर सगळी घडी बसवलेली होती.

विदर्भात याची सुरुवात कुठून झाली?

आधी जचकी घरातच व्हायची, दाईच्या हातून. बाईमाणसासाठी बाईच डॉक्टर हवी म्हणून १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्यातून ठिकठिकाणी स्त्री-रुग्णालयं निघाली. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही 'डफरीन'च म्हणतात. अकोल्याचं 'लेडी हार्डिंग' हे नावही तसंच तोंडात राहिलं आहे. नागपूरला मिशनऱ्यांचं म्यूर मेमोरियल होतं. पण ही सगळी मोठ्या गावची, आणि सरकार, मिशन किंवा देणगीदारांच्या पैशावर चालणारी.

लहान घरगुती प्रसूतिगृहाचा नमुना विदर्भापुढे ठेवला तो मातृसेवा संघाने. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनी १९२१ साली नागपुरात हे काम सुरू केलं. कमलाताई बालविधवा होत्या, परिचारिकेचं शिक्षण घेऊन या कामात उतरल्या. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संघ ही संस्था आहे, कुणाची खासगी मालमत्ता नाही, हे खरं. तरी भाड्याच्या घरात मोजक्या खाटा टाकून, प्रशिक्षित सुईणीच्या भरवशावर बाळंतपणं करता येतात हे लोकांनी पाहिलं ते इथे. पुढच्या खासगी प्रसूतिगृहांचं मूळ आम्ही मोठ्या रुग्णालयांत न शोधता याच नमुन्यात शोधतो.

डॉक्टर आले ते दोन लाटांनी. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून (सुरुवात १९१४) एल.एम.पी. (पदवीखालचा वैद्यकीय परवाना) झालेले डॉक्टर तालुक्यांत बसले. ते सगळंच बघायचे, अडलेली बाईसुद्धा. मग नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७), त्यानंतर नागपूरच्याच मेयो रुग्णालयाला जोडलेलं महाविद्यालय आणि सेवाग्रामचं महाविद्यालय (१९६९) यांतून एम.बी.बी.एस. आणि डी.जी.ओ. (प्रसूती व स्त्रीरोगाची पदविका) झालेली मंडळी बाहेर पडू लागली. आर्वी, हिंगणघाट, वणी, अचलपूर, दर्यापूर अशा बाजारपेठेच्या गावांत नवरा जनरल प्रॅक्टिस करणारा आणि बायको लेडी डॉक्टर ही जोडी याच काळात रुळली.

मग दायांचं काय झालं? त्यांना हुसकावलं का?

हुसकावून कोणाचंच भागलं नसतं. गावातली बाई कुठे न्यायची हे दाईच ठरवायची, त्यामुळे शहाणे डॉक्टर दाईला मान देत. ती बाईबरोबर यायची, टेबलाजवळ उभी राहायची, बाळाला पहिली न्हाऊ-माखू घालायची आणि सव्वा रुपया, नारळ, लुगडं तिला घरच्यांकडून मिळायचं. काही दाया प्रसूतिगृहातच मावशी म्हणून राहिल्या. हाताने पोट चाचपून मूल आडवं की पायाळू हे सांगण्यात त्या तरबेज असत. बिघडायचं ते दोन जागी: कळा पूर्ण यायच्या आत बाईला जोर करायला लावणं, आणि वार अडकली की नाळ ओढणं. वार सुटायच्या आधी नाळ ओढली तर ती तुटते किंवा गर्भाशयच उलटून बाहेर येतं, आणि मग रक्त थांबत नाही.

आतून हे घर कसं असायचं?

रस्त्याकडे ओसरी, तिथे लाकडी बाकं. डावीकडे तपासणीची खोली, पुढे चार-सहा खाटांचा हॉल, एखाददोन 'स्पेशल' खोल्या आणि सगळ्यात आत लेबर रूम. भिंतींना चार-पाच फुटांपर्यंत ऑईलपेंट, म्हणजे पुसता येतो. शहाबादी फरशी, मोरीकडे उतार. मागे विहीर आणि नातेवाइकांना स्वयंपाकासाठी चुलींची पडवी. बाळंतिणीबरोबर आई, सासू, एखादं लहान पोर असा चार माणसांचा गोतावळा मुक्कामाला यायचा. त्यांची सोय नसेल तर दुसरं बाळंतपण त्या घरी होत नसे.

जुनी इमारत पाहायला गेलात तर लेबर रूमचं दार मोजा. तीन फुटी दार असेल तर ते घर राहण्यासाठी बांधलेलं आणि नंतर प्रसूतिगृह झालेलं. स्ट्रेचर वळवायला चार फूट लागतात. तीन फुटी दारातून बाईला चौघांनी चादरीत उचलून न्यावं लागायचं, आणि सिझरनंतर ते फार वाईट.

टेबल लोखंडी, खालच्या अर्ध्या भागात कापलेलं, खाली बादली, बाजूला पाय अडकवायचे आकडे. कोपऱ्यात नऊ इंची दोन लाकडी ठोकळे. बाईचं रक्त फार गेलं की टेबलाचे पायाकडचे खूर या ठोकळ्यांवर चढवायचे, म्हणजे डोकं खाली होतं. एवढ्या साध्या ठोकळ्यांवर मावशांची नजर असायची. सरपणात गेले तर वेळेवर सापडत नाहीत.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणून हॉलमध्ये वाळ्याचा कूलर. लेबर रूममध्ये मात्र कूलर लावू नये हा नियम जुने डॉक्टर कडक पाळत. ओल्या वाळ्यात बुरशी धरते आणि पंखा तीच हवा उघड्या जखमेवर फेकतो.

कापसाच्या मुलखात कापूस विकत का आणावा लागायचा?

हा प्रश्न गमतीने विचारला जातो, पण उत्तर खरं आहे. जिनमधून आलेल्या रुईच्या धाग्यावर मेणाचा थर असतो, ती पाणी शोषत नाही. पाण्याच्या वाटीत टाकून पाहा, वर तरंगते. रक्त टिपायला लागतो तो धुऊन, मेण काढून, विरंजन केलेला शोषक कापूस. तो निळ्या कागदाच्या गुंडाळीत बाहेरूनच यायचा. घरची रुई वापरली जायची ती अशक्त बाळाला गुंडाळायला, आणि त्या कामाला ती उत्तमच. बाळपेटी नसताना रुईची दुलई, गरम पाण्याच्या कापडात गुंडाळलेल्या बाटल्या किंवा दोनशे वॉटचा बल्ब यांवर कमी दिवसांची बाळं जगवली जात. बाटली बाळाच्या अंगाला टेकली की भाजायचं. अशा डागांची माणसं अजून भेटतात.

उकळणं, ड्रम, ऑटोक्लेव्ह: नेमकं कसं चालायचं आणि कुठे चुकायचं?

प्रसूतिगृहाचं नाव डॉक्टरांवर चालायचं, पण बाळंतिणीला ताप येतो की नाही हे ठरायचं ड्रमवर, म्हणजे कापड निर्जंतुक करायच्या धातूच्या डब्यावर. म्हणून हे सविस्तर.

हत्यारं आणि काचेच्या सिरिंजा पाण्यात उकळत. वेळ मोजायची ती पाणी खदखदायला लागल्यापासून, वीस मिनिटं. मध्येच कोणी राहिलेली कात्री टाकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही चूक सगळ्यात जास्त व्हायची, कारण कात्री नेहमीच शेवटी आठवते. आणि कितीही उकळलं तरी धनुर्वाताचे बीजाणू मरतीलच अशी खात्री नाही. म्हणून नाळ कापायची कात्री आणि बांधायचा दोरा ऑटोक्लेव्हमध्येच घालायचा.

ऑटोक्लेव्ह म्हणजे उभा, जाड बुडाचा कुकरच. रॉकेलच्या स्टोव्हवर, नंतर गॅसवर. पंधरा पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस, कापडासाठी वीस ते तीस मिनिटं. आतली हवा आधी बाहेर काढायची: वरची तोटी उघडी ठेवून वाफेचा अखंड झोत येईपर्यंत थांबायचं, मगच बंद करायची. घाईत तोटी आधीच बंद केली तर काटा पंधरावर येतो खरा, पण आत हवा कोंडलेली असल्याने तापमान १२१ ला पोहोचतच नाही. काटा बरोबर आणि कापड मात्र कच्चं.

ड्रमच्या अंगाला भोकांची पट्टी असते, ती फिरवून भोकं उघडझाप करता येतात. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोकं उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. भोकं बंद ठेवूनच ड्रम शिजवला तर वाफ आत शिरत नाही. काढल्यावर बंद करायला विसरलं तर धूळ शिरते. दोन्ही चुका बाहेरून दिसत नाहीत, तिसऱ्या दिवशी टाक्यांत दिसतात. ड्रम ठासून भरायचा नाही, हात सहज आत गेला पाहिजे. कापड ओलं निघालं तर ते परत घालायचं, कारण ओल्या कापडातून जंतू आत झिरपतात.

दर्यापूर, मूर्तिजापूरच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक दुखणं होतं. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे उकळायच्या भांड्याला आणि हत्यारांना पांढरी पुटं चढायची. चिमट्याची कडी नीट बसेनाशी होते, ऑटोक्लेव्हच्या तोटीत खडा अडकतो. यावर उपाय म्हणून पावसाचं पाणी टाकीत धरून ते फक्त हत्यारांसाठी राखून ठेवत.

रबरी हातमोजे एकदा वापरून फेकणं परवडत नसे. साबणाने धुवायचे, हवा भरून पाण्याखाली धरून बुडबुडे बघायचे, भोक असेल तर तो जोड साफसफाईला, बाकीचे सुकवून पावडर मारून जोडी-जोडीने बांधायचे. सुया दगडावर घासून धार लावायच्या. फेकायच्या सिरिंजा सर्रास झाल्यावर हे सगळं संपलं आणि कचऱ्याचा प्रश्न सुरू झाला.

लाईट नसताना ऑपरेशन व्हायचं का?

व्हायचं, गॅसबत्तीवर. त्यात धोका होता तो ईथरचा. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, त्यावर कापड, आणि त्यावर थेंब-थेंब ईथर. ईथर पेट घेतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून बत्ती उंच आकड्याला टांगायची, खाली ठेवायची नाही, आणि पाणी उकळायचा स्टोव्ह दुसऱ्या खोलीत. क्लोरोफॉर्म पेटत नाही पण हृदय अचानक थांबवू शकतो. पुढे पाठीतून भूल द्यायची पद्धत आली आणि त्यासाठी जिल्ह्याहून भूलतज्ज्ञ बोलवावा लागू लागला. तो तिकडून निघेपर्यंत बाई टेबलावर. लहान प्रसूतिगृहाच्या पायाखालची वाळू सरकायला इथून सुरुवात झाली असं आमचं मत आहे.

रक्त कुठून आणायचे?

जिल्ह्याहूनच. धारणीहून अमरावती म्हणजे घाटासकट दीडशे किलोमीटरच्या आसपास. एस.टी.च्या कंडक्टरकडे बर्फाचा डबा देऊन बाटली मागवणं ही नेहमीची गोष्ट होती. पैसे घेऊन रक्त देणारे लोक मोठ्या शहरांत असत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते पूर्ण बंद झालं. चांगलंच झालं, पण तालुक्यात पर्यायी सोय लगेच झाली नाही. तेव्हापासून डॉक्टर गरोदर बाईच्या नवऱ्याला सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवू लागले की रक्तगट जुळणारं घरात कोण आहे.

सगळ्यात जास्त काय बिघडायचं?

चार गोष्टी.

अडलेली बाई. गावात दोन दिवस कळा देऊन, पाणी जाऊन, मग रेंगीत (हलक्या बैलगाडीत) किंवा ट्रॅक्टरवर घालून आणलेली. बहुतेक वेळा बाळ आधीच गेलेलं असायचं. पावसाळ्यात नाल्याला पूर असला की आणखी एक दिवस. कुणी गावातच 'कळा वाढवायचं इंजेक्शन' देऊन पाठवलेलं असलं तर परिस्थिती फार वाईट: मूल अडकलेलं असताना ऑक्सिटोसिन एकदम स्नायूत टोचलं की गर्भाशय फाटू शकतं. कळा अचानक थांबतात, बाईला क्षणभर बरं वाटतं, आणि नाडी वेगाने पळायला लागते. जुने डॉक्टर म्हणूनच दारातच पहिला प्रश्न विचारत: 'सुई दिली काय गावात?'

रक्तस्राव. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरवर रक्त गेलं की तो धोक्याचा मानतात. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीही पुरतं. वाचवायला हातात वेळ दोन तासांच्या आसपास. क्रम ठरलेला: पोटावरून गर्भाशय चोळून कडक करा, लघवीची पिशवी रिकामी करा, वार पूर्ण आली का बघा, औषध द्या. मेथर्जिन हे गर्भाशय आवळणारं औषध रक्तदाब वाढलेल्या बाईला देत नाहीत. बाळ बाहेर येताच आईला दहा युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत देण्याची रीत पडल्यावर हे प्रसंग बरेच कमी झाले. पण हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात दहा-बारा तासांचं भारनियमन असलं की फ्रिज कोमट व्हायचा, आणि अँप्यूल दिसायला तशीच, आतला जोर मात्र गेलेला. ज्यांच्या हे लक्षात आलं त्यांनी पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये कायम ठेवायला सुरुवात केली.

झटके. पायांना सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग आकडी. गावाकडे याला बाहेरचं समजून आधी देवऋषाकडे नेत. पूर्वी खोली अंधारी करून झोपेची औषधं देत. मॅग्नेशियम सल्फेट सगळीकडे रुळल्यावर चित्र पालटलं.

सिकलसेल. रक्ताच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. हे विदर्भाचं खास दुखणं, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत. बाई नुसती 'अशक्त' म्हणून येते, बाळंतपणाच्या ताणात आणि पाणी कमी पडल्याने सांधे, छाती असह्य दुखू लागतात. साध्या विद्राव्यता चाचणीने संशय येतो, इलेक्ट्रोफोरेसिसने पक्कं होतं. सलाईन कमी पडू न देणं आणि बाईला थंडी न वाजू देणं, निम्मं काम यात असतं.

किती दिवस ठेवत? खायला काय?

साठ-सत्तरच्या दशकांत सात ते दहा दिवस. घरी गेली की कामाला लागणार हे डॉक्टरांना ठाऊक असायचं, म्हणून पाचवी आणि टाके दोन्ही उरकूनच सुटी. जेवण घरच्यांचं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सुंठ. भांडण व्हायचं ते पाण्यावरून: बाळंतिणीला पाणी कमी द्यावं ही जुनी समजूत, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याने दूध आटायचं, ताप चढायचा.

बिल कसं भरत?

कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, मिळाल्यावर. एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ साली आली तेव्हापासून चुकाऱ्याच्या हप्त्यांप्रमाणे उधारीही हप्त्यांत फिटू लागली. ज्वारी, तूर, तूप हेही यायचं. बुडालेल्या उधारीच्या वह्या जवळपास प्रत्येक जुन्या डॉक्टरकडे निघतात.

कायदे कधी लागू झाले?

१९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा मुंबई राज्याचा. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्या राज्यात नव्हताच, त्यामुळे इथली सुरुवातीची प्रसूतिगृहं या कायद्याबाहेरच उभी राहिली. हा कायदा पुढे राज्यभर आला. आता दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि २०२१ च्या नियमांपासून दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं बंधनकारक आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. गर्भलिंग निदानावर महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. सोनोग्राफी करताना भरायचा एफ नमुना त्यातलाच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ चे, नंतर २०१६ चे: पूर्वी परसात खड्डा करून पुरली जाणारी वार आता पिवळ्या पिशवीत जाते.

प्रसूतिगृह बंद पडलं. आता जन्माचा दाखला कुठे मिळेल?

प्रसूतिगृह दाखला देतच नाही आणि कधी देतही नव्हतं. त्यांनी दिलेला कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड. दाखला देतो निबंधक, म्हणजे नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत. म्हणून इमारत पाडली गेली तरी घाबरू नका.

पहिली गोष्ट, नोंद जन्म झाला त्या गावी असते, राहत्या गावी नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आजोळच्या तालुक्याला शोधा. सासरच्या ग्रामपंचायतीत वर्षभर खेटे घालून मग हे उमगलेली माणसं पुष्कळ आहेत.

दुसरी, जन्म १ एप्रिल १९७० नंतरचा असेल तर १९६९ च्या कायद्याप्रमाणे प्रसूतिगृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या मुदतीत जन्माचा नमुना भरून पाठवायचा होता. प्रत्यक्षात महिन्याचा गठ्ठा एकदम जाई, त्यामुळे जन्म तारखेखाली न शोधता पुढच्या दोन महिन्यांच्या नोंदणी तारखांतही पाहायला सांगा.

तिसरी, हद्द. प्रसूतिगृह त्या काळी गावकुसाबाहेर असेल तर नोंद शेजारच्या ग्रामपंचायतीत गेलेली असू शकते. बरीच तालुक्याची गावं २०१४-१५ च्या सुमारास ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तेव्हा जुनी रजिस्टरं हलवली गेली का, हे दोन्हीकडे विचारा.

चौथी, बाळाचं नाव. नोंद बहुधा नावाशिवाय होते, 'पुरुष' किंवा 'स्त्री' एवढंच. आईच्या आणि वडिलांच्या नावाने शोधायचं. आईचं माहेरचं नाव लिहिलेलं असण्याची शक्यता धरा. नाव नंतर घालता येतं, नोंदीपासून १५ वर्षांपर्यंत; त्यापुढच्या जुन्या नोंदींना सरकार अधूनमधून मुदतवाढ देतं, चालू मुदत कार्यालयातच विचारा.

काहीच सापडलं नाही तर नमुना १० मध्ये 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या. त्याच्याशिवाय पुढचं काही होत नाही. वर्षापेक्षा जुन्या जन्माची उशिरा नोंद करायला आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. डिस्चार्ज कार्ड, लसीचं कार्ड, शाळेचा दाखला सोबत जोडा.

१९७० च्या आधीचा जन्म असेल तर?

कोतवाल बुक. गावातला कोतवाल जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा, ती पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जातीच्या दाखल्यासाठी ज्याची नक्कल काढतात तेच हे. त्यात बाळाचं नाव क्वचित असतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. प्रसूतिगृहात झालेला जन्म कोतवालाच्या बुकात बापाच्या गावीही लिहिलेला सापडतो, कारण बातमी गावात पोहोचली की तो लिहायचा. तेव्हा तारीख बातमीची असते, जन्माची नाही.

जुनं बाळंतपणाचं रजिस्टर कसं वाचायचं?

रकाने साधारण असे: अनुक्रम, नाव, वय, गाव, कितवं बाळंतपण, दाखल तारीख-वेळ, प्रसूतीची तारीख-वेळ, प्रकार, मुलगा/मुलगी, वजन, सुटी, शेरा. 'जी ३ पी २' म्हणजे तिसरं गरोदरपण, आधीची दोन बाळंतपणं. 'एफटीएनडी' म्हणजे पूर्ण दिवसांची साधी प्रसूती. 'एलएससीएस' म्हणजे सिझर. 'आययूएफडी' म्हणजे बाळ पोटातच गेलेलं. शेऱ्यात 'टी.एल.' दिसलं तर नसबंदी.

वजन पौंड-औंसात असेल तर एक पौंड ४५४ ग्रॅम धरा. ५ पौंड ८ औंस म्हणजे जवळपास अडीच किलो, आणि त्याच्या खालचं बाळ कमी वजनाचं. जुन्या रजिस्टरांत वजनं अगदी गोल दिसतात, सहा, साडेसहा, सात; काटा तेवढाच दाखवायचा किंवा सिस्टर तेवढंच वाचायची.

घरचे सांगतात एक तारीख, रजिस्टरमध्ये दुसरी. खरी कोणती?

जन्म मध्यरात्रीनंतर आणि उजाडण्याआधी असेल तर दोन्ही खऱ्या. घरच्यांचा दिवस सूर्योदयाला बदलतो, रजिस्टरचा बारा वाजता. पहाटे साडेतीनचा जन्म घरी 'सोमवारचा', कागदावर मंगळवारचा. शाळेतली १ जून किंवा १ जुलै मात्र बहुधा मास्तरांनी ठरवलेली असते. तिच्यावर विसंबून शोधू नका.

ही प्रसूतिगृहं बंद का पडली?

कायद्यांनी, असं डॉक्टर म्हणतात. सरकारने फुकट केलं म्हणून, असं औषधवाले म्हणतात. दोन्हीत तथ्य आहे: २००५ ची जननी सुरक्षा, २०११ चा जननी-शिशु कार्यक्रम, २०१४ पासून दारात येणारी १०८ रुग्णवाहिका, यांनी साध्या बाळंतपणांचा ओघ सरकारीकडे वळवला. पण साधी बाळंतपणं तिकडे गेल्यावर खासगीकडे उरली ती अवघड, आणि अवघडला भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त एका तासात हवं. सहा खाटांच्या घरात हे बसत नाही. त्यात पुढची पिढी वरच्या मजल्यावर राहायला तयार नाही. मुलगी डॉक्टर होते, पण नागपूरला, आठवड्याला ठरावीक रात्री ड्युटी असलेल्या ठिकाणी. तिला दोष द्यायचं कारण नाही. तीस वर्षं एकही रात्र गाव न सोडणं हे काम तिच्या आईने केलं, म्हणून ते सोपं होतं असं नाही.

इमारत विकताना जुनी रजिस्टरं निघाली. काय करावं?

रद्दीत देऊ नका, आणि कुणी मागितली म्हणून सरळ हातातही देऊ नका. केसपेपर तीन वर्षं ठेवायचं बंधन असतं, गर्भपाताचं दाखल-रजिस्टर पाच वर्षं. म्हणजे कायद्याने बहुतेक कागद कधीच मोकळे झालेले असतात. पण गर्भपाताचं रजिस्टर गोपनीय आहे आणि त्यातली नावं अजून त्याच तालुक्यात राहतात. ते वेगळं काढून डॉक्टरांच्या किंवा वारसांच्या समक्ष नष्ट करा. बाळंतपणाचं रजिस्टर ठेवण्यासारखं आहे. कुणी स्वतःची नोंद मागितली तर त्या एका ओळीचा उतारा द्या, पान दाखवताना वरच्या-खालच्या ओळींवर कागद धरा.

वाळवी लागली असेल तर आधी सावलीत उघडं करून झटका. उन्हात टाकलं की शाई उडते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं ओढून घेते. लॅमिनेशन तर नाहीच. झेरॉक्स मशीनवर पुस्तक दाबलं की शिवण तुटते, म्हणून खिडकीजवळ टेबलावर ठेवून मोबाईलने सरळ वरून फोटो घ्या, एका वेळी एक पान, अनुक्रमाच्या रकान्यापासून शेऱ्यापर्यंत सगळं चौकटीत येईल असं.